वीस मिनिटं आणि एक आडोसा : मैदानी संगीत महोत्सवांच्या आयोजकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, पण पाहिलेलं नक्की आहे. मध्ये गायिका, तिच्या उजव्या हाताला तबला, डावीकडे पेटी आणि मागे दोन तंबोरे. त्या दोनातला एक माझा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या फोटोत माझा अर्धा खांदा येतो आणि तंबोऱ्याची दांडी येते. एकदा तर नुसताच भोपळा आला होता.

गेली चौदा वर्षं मी ताईंच्या मागे बसते. बसते म्हणजे नुसती बसत नाही. रेल्वेची तिकिटं, गरम पाण्याचा थर्मास, पेटीवाल्या काकांचं पथ्याचं जेवण, मानधनाच्या पावतीवर सही, परतीच्या गाडीची चौकशी, हे सगळं माझ्याकडे. कुणी विचारलं की मी 'शिष्या' सांगते. तो शब्द सोयीचा आहे, त्यात हमालीही मावते. तक्रार नाही. मागे बसून जे ऐकायला मिळतं ते समोरच्या पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर मिळत नाही.

दिवाळी संपली की आमची फिरती सुरू होते ती होळीपर्यंत. पुणे, सोलापूर, नाशिक, बेळगाव, गोवा, कधी इंदूर, कधी त्याच्याही पलीकडे. नाट्यगृहं असतात, पण थंडीत जास्त करून मैदानंच. शाळेचं पटांगण, देवळासमोरची मोकळी जागा, नदीचा घाट, किल्ल्याचा पायथा. हे पत्र त्या मैदानांबद्दल आहे. एका कुठल्या मंडळावर राग धरून मी लिहीत नाहीये, आणि मैदानाविरुद्ध तर माझं काहीच नाही. गायक सवाई गंधर्व गेले १९५२ साली. दुसऱ्या वर्षापासून त्यांच्या शिष्यांनी, भीमसेन जोशींनी पुढे होऊन, पुण्यात जो उत्सव सुरू केला, तो मांडवातच मोठा झाला. सतरंजीवर बसून, शाल गुंडाळून, डब्यातली पोळीभाजी खात गाणं ऐकणारा श्रोता त्यानेच घडवला. तिकडे जालंधरला देवी तालाबापाशी १८७५ पासून हरिवल्लभ संगीत संमेलन भरतं, तेही ऐन डिसेंबरात, पंजाबच्या थंडीत. म्हणजे उघड्यावर अभिजात गाणं होत नाही असं म्हणायला मला तोंडच नाही. होतं, आणि बंद सभागृहात कधी होणार नाही असंही काही तिथे होऊन जातं.

पण उघड्यावर गाणं होण्यासाठी आधी एक गोष्ट व्हावी लागते, आणि ती दिवसेंदिवस तुमच्या कार्यक्रमपत्रिकेतून नाहीशी होते आहे. वाद्यं लावायला वेळ आणि जागा. एवढंच मागायला हे लांबलचक पत्र लिहिते आहे.

तंबोरा ही वस्तू किती नाजूक, हे उचलणाऱ्यालाच कळतं. आमची जोडी मिरजेची. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी अभिनंदनाचे निरोप पुढे पाठवले होते, मलाही आले. तर त्या मानांकनातल्या वस्तूचं शरीर असं : मंगळवेढा-पंढरपूरकडच्या मळ्यातला कडू भोपळा, वाळवून पोकळ केलेला. त्यावर लाकडाची तबली, लाकडाची दांडी. चार तारा, चार खुंट्या. खाली बारीक जुळवणीसाठी मणी. आणि घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), तारेखाली, सुताचा एक तुकडा. तो दोरा केसभर पुढेमागे झाला की आवाज मिटतो नाहीतर फाटतो. नीट बसला तर जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणकार, अशी बोलते की खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या, तारेतून न छेडलेला गंधार, म्हणजे 'ग', आपोआप ऐकू येतो. स्वयंभू म्हणतात त्याला. ताईंच्या 'काळी चार' या पट्टीत तो गंधार दिसू लागला (आम्ही 'दिसला' असंच म्हणतो) की त्या डोळे मिटतात. मग मला कळतं, आता सुरू होणार.

हे सगळं तासभर खपून खोलीत जुळवलं आणि मैदानावर नेलं, की काय होतं सांगते. गारठ्यात तार आकसते, ताणली जाते आणि सूर चढतो. त्याच वेळी हवेत दव असतं. तबल्याचं कातडं ते पितं, सैल पडतं आणि तबला उतरतो. म्हणजे एकाच मंचावर, एकाच पाच मिनिटांत, मागचं वाद्य वर चाललंय आणि बाजूचं खाली. पेटी मात्र जागची हलत नाही, तिच्या सुरांच्या पितळी पट्ट्यांना हवेचं फारसं सोयरसुतक नाही. मग वरून तुमचे दिवे लागतात. दिव्यांच्या उबेने तार पुन्हा ढिली पडते. वारा सुटला की पुन्हा चढते. या सगळ्यांच्या मध्ये एक बाई बसलेली असते आणि तिने पहिला षड्ज, म्हणजे 'सा', लावायचा असतो.

पुण्यात डिसेंबरात रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. नदीकाठी त्याहून बोचतं. ग्रीनरूमच्या तंबूत हॅलोजन लावलेला असला तर आत आणि मंचावर ऋतूच वेगळा असतो. म्हणून आत लावलेला तंबोरा बाहेर उपयोगाचा नसतो. ज्या हवेत गायचं त्याच हवेत वाद्य थोडा वेळ ठेवावं लागतं, मुरू द्यावं लागतं, आणि मग लावावं लागतं. लोणच्यासारखं आहे. घाई केली तर वरून रंग येतो, आत फोड कच्चीच.

आता गेल्या थंडीतली एक संध्याकाळ. गावाचं नाव सांगत नाही, मंडळी सज्जन होती आणि पिठलं-भाकरी फार प्रेमाने वाढली होती.

आम्ही चार वाजता पोचलो. पाचला साउंड चेक ठरला होता. पाच वाजता मंचावर एलईडी भिंत उभी करणं चालू होतं, शिडीवर दोन मुलं, खाली वायरींचं जाळं. आम्हाला सव्वासहाला सहा मिनिटं मिळाली. ताईंचा तंबू मंचापासून लांब, जनरेटरच्या शेजारी. त्या धडधडीत मी कान भोपळ्याला लावून तंबोरे जुळवले. कान लावून हे शब्दशः घ्या, तेवढं जवळ गेल्याशिवाय तार ऐकूच येत नव्हती. साडेआठला आमची वेळ. पाहुणे उशिरा आले. दीपप्रज्वलनाची वात वाऱ्याने पाच वेळा विझली, सहाव्यांदा कुणीतरी भोवती कार्यक्रमपत्रिकांचं कोंडाळं केलं तेव्हा कुठे लागली. मग सत्कार. शाल, श्रीफळ, रोपटं, पुन्हा शाल. मी अकरापर्यंत मोजले आणि सोडून दिलं.

आम्ही मंचावर बसलो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. गादी दवाने ओलसर. तबल्यावर हात फिरवून तबलजी दादा नुसते माझ्याकडे बघून हसले. त्यांनी हातोडी काढली, मी खुंटीला हात घातला, आणि नेमक्या त्या क्षणी निवेदकाने ध्वनिक्षेपकाचा ताबा घेतला. "कलाकार वाद्यं जुळवत आहेत, तोपर्यंत आपण आपल्या प्रायोजकांची नावं जाणून घेऊ या." आठ मिनिटं. पतसंस्था, ज्वेलर्स, हॉस्पिटल, दोन बिल्डर. त्या आवाजाखाली तंबोरा लावणं म्हणजे गिरणीत बसून सुईत दोरा ओवणं. मग एका कार्यकर्त्याने मागून वाकून चिठ्ठी दिली : ताई, प्लीज सुरू करा, ९.५५ ला बंद.

ताईंनी विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल सोडून दिला. गायचा म्हणून मनात योजलेला राग सोडला आणि थेट मध्यलयीत दुसरं काहीतरी सुरू केलं. दादा अंतऱ्यात एका हाताने ठेका धरून दुसऱ्या हाताने तबल्याचे लाकडी गट्टे ठोकत होते. माझ्या तंबोऱ्याच्या मधल्या जोडीतली एक तार बारीक चढलेली होती, ती मला पूर्ण वेळ कुसळासारखी टोचत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी अभंग झाला, त्याला जास्त वाजवल्या. माझ्यासारखीला हिशेब करायची सवय असते, म्हणून गाडीत बसल्यावर केला : ८५ मिनिटांपैकी सत्कार-समारंभ ४०, सूर जुळवणं ८, गाणं ३७.

उतरताना ध्वनिव्यवस्थेचा तरुण भेटला. चांगला मुलगा. हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या मागच्या दोन लाइनमध्ये सारखा हम येत होता. घूं घूं घूं. मी कापून टाकला, काळजी करू नका."

मी हसले. नंतर हॉटेलवर गेल्यावर रडूही आलं थोडं, पण ते माझं मला. त्याची चूक काय? तो एरवी ऑर्केस्ट्रा करतो, लग्नं करतो, गणपतीत डीजे लावतो. ती घूं घूं हीच जमीन आहे, तिच्यावर बाकीचं सगळं उभं राहतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. सांगायचं काम तुमचं होतं, आणि खरं तर थोडं माझंही. तेव्हापासून पोचल्या पोचल्या मी आधी साउंडवाल्यांकडे जाते, चहा घेते, त्यांना तंबोऱ्याजवळ बसवते आणि एकेक तार ऐकवते. एका ठिकाणी तो पोरगा दहा मिनिटं उठलाच नाही.

तुमच्या बाजूची अडचण मला कळत नाही असं नाही. रात्री दहाला बंद म्हणजे बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, तीही वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, आणि त्या पंधरात गणपती, नवरात्र सगळेच वाटेकरी. कायद्याविरुद्ध मी नाही. दवाखान्यात झोपलेल्या माणसाला आमच्या गाण्याचा त्रास का व्हावा? माझी आजी शेवटच्या आजारपणात मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींनी किती तळमळली ते मी पाहिलं आहे.

पण या नियमाने मैदानावरच्या गाण्याचं नेमकं काय बदललं, ते नीट बघायला हवं. पूर्वी मैफली रात्रभर चालायच्या. मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग, मग ललित, आणि उजाडताना भैरव किंवा तोडी. रात्र मोठी होती. कलाकार अर्धा तास तंबोरे लावत बसला तरी कोणी घड्याळ बघत नव्हतं, कारण घड्याळाला काही अर्थच नव्हता. उलट जाणकार श्रोते ते लावणं ऐकायला कान टवकारून बसायचे, आज गवई कसल्या मूडमध्ये आहे हे तिथेच कळायचं. आता रात्र दहाला संपते. काहीतरी कापावं लागणार हे मान्य. प्रश्न एवढाच, की कात्री दर वेळी आमच्याच बाजूला का चालते? शाल कापली जात नाही. प्रायोजकांची नावं कापली जात नाहीत. पाहुण्यांचं 'मी काही बोलणार नाही, फक्त दोन शब्द' हे तर अजिबात नाही. कापला जातो तो सूर लावायचा वेळ, कारण तुमच्या कागदावर तो वेळ म्हणजे रिकामी जागा.

रविशंकरांचा एक किस्सा आपल्याकडे फार आवडीने सांगितला जातो. १९७१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी कार्यक्रम झाला, त्यांनी सतार जुळवली आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हा ते म्हणाले, जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. आपण हसतो, त्या गोऱ्या लोकांना काय कळतंय म्हणून. मला त्यात वेगळंच दिसतं. त्या लोकांना कळत नव्हतं, पण ते गप्प बसून ऐकत होते. त्यांना जुळवू दिलं होतं. मध्येच कोणी प्रायोजक वाचले नव्हते.

आणि त्याच्या दोन वर्षं आधीचा वुडस्टॉकचा मैदानी महोत्सव. १५ ऑगस्ट १९६९, शुक्रवारची रात्र, न्यूयॉर्क राज्यातलं गोठेवाल्याचं शेत, लाखांवर माणसं, वरून पाऊस. रविशंकर सतारीवर, अल्लारखाँ तबल्यावर. या दोघांची नावं सगळ्यांना पाठ असतात. मागे तंबोऱ्यावर कोण होतं? माया कुलकर्णी. नोंदीत नाव आहे. पावसात, चिखलात, त्या ओल्या हवेत तिने चार तारा कशा सांभाळल्या असतील हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मैदानावर दव पडायला लागलं आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला, की मी हे आडनाव मनातल्या मनात म्हणते. हसा हवं तर.

तर मागणं. मंचाच्या अगदी लगत, पडद्यामागे, एक आडोसा. तंबू नको, खोली नको, तीन बाजूंनी कनात आणि वर छप्पर एवढं पुरे. हवा मंचावरचीच हवी, फक्त दव आणि वारा अंगावर यायला नको. जनरेटर तिथून लांब. खाली कोरडी सतरंजी. आधीच्या कलाकाराचं गाणं चालू असताना आमची वाद्यं तिथे मुरतील, आणि त्यांच्या आवाजाला धक्का न लावता आम्ही खुंट्या जवळपास आणून ठेवू. ही सोय काही ठिकाणी आहेही. तिथे काम करताना इतकं हलकं वाटतं की मी त्या मंडळींना आपण होऊन पत्र लिहिते.

मग मंचावर बसल्यापासून पहिल्या सुरापर्यंत वीस मिनिटं. छापील कार्यक्रमपत्रिकेत तशी ओळ घाला, लाज कसली? 'वाद्यमेळ' म्हणा, काहीही म्हणा. त्या वीस मिनिटांत माइक फक्त वाद्यांचे. निवेदकाला जे सांगायचं असेल ते आम्ही आडोशाला असतानाच सांगून होऊ द्या. सत्कार कार्यक्रमाच्या सुरुवातीला करा, शेवटी करा, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बोलावून करा. कलाकार गादीवर बसल्यानंतर मात्र नको. गादीवर बसलेल्या गायिकेला पुन्हा उठवून शाल पांघरली, की तिच्या मनात जमत आलेला षड्ज शालीबरोबर खांद्यावरून घसरतो.

आणखी काही किरकोळ. धूर सोडणारं यंत्र गाण्याच्या वेळी बंद ठेवा. एलईडीवर दिसायला छान दिसतो, पण घशात बसतो. प्रखर पांढरे दिवे थेट गादीवर नकोत, त्यावर किडे झेपावतात. आलापाच्या मधोमध किडा गिळून चेहरा तसाच ठेवणं ही कला ताईंना साधली आहे, पण ती कुठल्या घराण्यात शिकवत नाहीत. ड्रोन कॅमेरा फिरवायचा असेल तर अभंगाच्या वेळी फिरवा. तेव्हा टाळ्या चालू असतात.

'तंबोऱ्यांची सोय इथेच केली आहे' हे वाक्य फोनवर ऐकलं की मला धडकी भरते. त्यामागची माया खरी असते, पण तो तंबोरा बहुधा कुणाच्या तरी दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेला निघतो. तारा गंजलेल्या, दोरा गायब, आणि मालक सांगतात, आमच्या आईचा आहे, तीस वर्षांत कोणी हात लावलेला नाही. ते बघूनच कळतं. आम्ही आमचे घेऊन येतो. रेल्वेत वरचा बर्थ तंबोऱ्यांचा, खालचा आमचा, ते जमून गेलंय. विमान असलं तर कडक पेटीतून सामानात टाकावे लागतात आणि पट्ट्यावरून ती पेटी बाहेर येईपर्यंत मी श्वास घेत नाही. एकदा भोपळ्याला तडा गेला होता. मिरजेच्या कारागिरांनी जोडून दिला, पण त्यांनी तो हातात घेऊन ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ती अजून आठवते.

कोणी म्हणेल, फोनमध्ये तंबोरा असतो, मग एवढा खटाटोप कशाला? असतो. रियाजाला मीही तोच लावते, आढेवेढे नाहीत. पण मैदानावर तो फोन स्पीकरमधून वाजतो, आणि खरे तंबोरे पाठीमागून, दोन्ही कानांच्या मागून, गाणाऱ्याला कवेत घेतात. ताई म्हणतात, पाठीला भिंत लागल्यासारखं वाटतं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, वाद्यं स्वतः दुरुस्त करायचे, जवारीवर त्यांचा हात होता. किराणा घराण्याचा तो सुरेलपणा काय नुसत्या गळ्यातून आला? तो तंबोऱ्यापाशी तासन् तास बसण्यातून आला.

साथीदारांच्या मानधनाविषयी आणि निमंत्रणपत्रिकेतून गळणाऱ्या नावांविषयीही लिहिता येईल. आज नको. नाव नसलं तरी चालेल, वीस मिनिटं द्या.

येत्या जानेवारीत आम्ही तुमच्यापैकी तिघांकडे येतो आहोत. गाडी पाठवाल तेव्हा कृपया मोठी पाठवा. दोन तंबोरे, एक पेटी, डग्गा, दोन तबले (दव धरून एक जास्तीचा) आणि माणसं पाच. मागच्या वेळी आलेल्या छोट्या गाडीत तंबोरे मावले, पेटी मावली, ताई आणि काका मावले. मी मागून रिक्षाने आले, आणि रिक्षावाल्याला मैदान सापडेना.

आपली,
ताईंच्या मागे, डावीकडच्या तंबोऱ्यावर बसणारी